नगरसेवकाचे दप्तर: पहिल्या आठ दिवसांत काय करू नये

प्रति,
शहरांची अभिलेखागारे, सार्वजनिक ग्रंथालये आणि विद्यापीठ ग्रंथालये यांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

माजी नगरसेवक किंवा महापौर वारतो, किंवा वय झाल्यावर घर आवरायला काढतो, आणि तुम्हाला निरोप येतो: कागद खूप आहेत, घेऊन जाता का? तुम्ही हो म्हणता. गाडी येते, खोकी उतरतात. पुढच्या आठ दिवसांत त्या संग्रहाचे जे बरेवाईट व्हायचे ते बहुतेक होऊन गेलेले असते. वाळवी, पाणी आणि आग यांना आम्ही कमी लेखत नाही. पण नुकसानीची मोजदाद केली तर उत्साह त्यांच्याही पुढे जाईल. एक जण सगळी पत्रे तारखेवार लावायला घेतो, दुसरा भाषणे वेगळी काढतो, तिसरा फोटोंचा अल्बम करतो आणि चौथा पाकिटे व चिठ्ठ्या फालतू म्हणून टोपलीत टाकतो. महिनाभरात उद्घाटन ठरलेले असते, म्हणून सगळ्यांचे हात भराभर चालतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की नगरसेवकाचा संग्रह म्हणजे त्याचे स्मारक नव्हे. त्याची मानपत्रे आणि छापील भाषणे इतर ठिकाणीही मिळतात. सभागृहाच्या इतिवृत्तात ठरावाचा क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या असते. एका नाल्याच्या कामाला सात वर्षे का लागली, कोणती उपसूचना आदल्या रात्री मागे घेतली गेली, कोणत्या गल्लीतून एकाच आठवड्यात चाळीस अर्ज आले, यातले काहीही तिथे सापडणार नाही. ते सापडते त्याच्या फायलींत, तेही त्या ज्या क्रमाने लागल्या होत्या तो क्रम शाबूत असेल तर.

हा क्रमाचा आग्रह आमच्या पदरचा नाही. १८४१ साली फ्रान्सच्या गृहखात्याने परिपत्रक काढून सांगितले की एका संस्थेचे, घराण्याचे किंवा व्यक्तीचे कागद एकत्रच ठेवायचे, दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी आपल्या नियमपुस्तिकेत त्याला दुसरा भाग पक्का जोडला: आतली मूळ रचनाही मोडायची नाही. नगरसेवकाच्या बाबतीत याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. समजा ड्रेनेजच्या एका फायलीत एक अंदाजपत्रक, वर्तमानपत्राचे एक कात्रण, एक लग्नपत्रिका आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. चारही कागद सुटे केले तर अंदाजपत्रक ‘कामे’त जाईल, कात्रण ‘कात्रणां’त, पत्रिका ‘खासगी’त आणि चिठ्ठी कचऱ्यात. एकत्र ठेवले तर दिसते की पत्रिकेवरचे नाव अंदाजपत्रकावरच्या कंत्राटदाराचे आहे. त्यातून काय निष्कर्ष काढायचा तो अभ्यासक काढेल. तो काढण्याची सोय मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून कागद हलवण्याआधीच काम सुरू करा. ज्या खोलीत ते आहेत तिथे कपाटाचा, प्रत्येक खणाचा आणि टेबलाच्या ड्रॉवरचा फोटो काढा. प्रत्येक खोक्यावर खोली, कपाट आणि खण यांचा क्रमांक टाका: क-२-३ म्हणजे कार्यालयाची खोली, दुसरे कपाट, तिसरा खण. खोके खणाप्रमाणे भरा, आकाराप्रमाणे नाही. अर्धे खोके रिकामे राहिले तरी दुसऱ्या खणातले कागद त्यात कोंबू नका, रिकाम्या जागेत चुरगाळलेला कोरा कागद भरा. माळ्यावरच्या गोणीत जे कोंबलेले आहे तेही ‘माळा, गोणी १’ असा क्रमांक देऊनच आणा. गोणीत क्रम नसतो असे समजू नका. बऱ्याचदा एका निवडणुकीनंतर टेबल एकदम रिकामे करून ती भरलेली असते, आणि वरचा थर सगळ्यात जुना असतो.

दारात आल्यावर पहिली नोंद आवक नोंदवहीत: तारीख, देणाऱ्याचे नाव, खोक्यांची संख्या, लांबी. कागदपत्रे ‘फायली ३१२’ अशी मोजून उपयोग नाही, कारण एक फाइल दोन पानांची असते आणि दुसरी वीतभर जाडीची. फळीवर उभे ठेवल्यावर किती मीटर भरतात ते मोजा. नेहमीच्या ८० ग्रॅमच्या कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे घट्ट रचले तर मीटरभरात १०,००० पाने. पुठ्ठे, टाचण्या आणि सुरकुत्या धरून ६ ते ७ हजार समजा. या एका आकड्यावर पुढचे पुठ्ठे, खोकी, फळ्या, माणसांचे तास आणि स्कॅनिंगची साठवण हे सगळे हिशेब उभे राहतात, आणि वरिष्ठांकडे मागणी करताना ‘भरपूर कागद आहेत’पेक्षा ‘१४ मीटर’ हे जास्त वजनदार पडते.

आता मालकीचे. इथे ग्रंथालये सर्रास चुकतात. नगरसेवकाच्या घरात तीन प्रकारचे कागद एकाच कपाटात असतात: त्याचे स्वतःचे, पक्षाचे, आणि पालिकेच्या मूळ फायली, ज्या ‘बघायला’ आणल्या आणि परत गेल्याच नाहीत. मूळ फाइल ओळखायची खूण सोपी. तिच्यावर खात्याचा नस्ती (फाइल) क्रमांक असतो आणि टिप्पणीच्या पानांवर अधिकाऱ्यांच्या मूळ सह्या असतात. कार्बन किंवा झेरॉक्स प्रत असेल तर ती बहुधा त्याची स्वतःची. मूळ सापडली तर ती गुपचूप परतही करू नका आणि गुपचूप ठेवूही नका. पालिकेला लेखी कळवा, फाइल तिकडे गेली तर तिच्या जागी प्रत आणि एक चिठ्ठी ठेवा.

सार्वजनिक पदावरच्या माणसाचे कागद कोणाचे, हा वाद मोठ्या पदांवरही फार उशिरा मिटला. अमेरिकेत अध्यक्षांचे कागद त्यांची खासगी मालमत्ता मानले जात. ते सरकारी मालकीचे ठरवणारा कायदा १९७८ मध्ये झाला आणि २० जानेवारी १९८१ पासूनच्या कारभाराला लागू झाला. शहराच्या पातळीवर एकाच माणसाचे कागद दोन ठिकाणी असणे हेही नेहमीचे. फिओरेलो ला ग्वार्डिया १९३४ ते १९४५ न्यूयॉर्कचे महापौर होते. त्यांच्या महापौर कचेरीची दप्तरे शहराच्या म्युनिसिपल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि त्यांच्या नावाचा वेगळा संग्रह ला ग्वार्डिया अँड वॅग्नर आर्काइव्ह्जमध्ये आहे. अशा वेळी भांडून एकत्र आणण्यापेक्षा दोन्ही सूच्यांत एकमेकींचा उल्लेख करणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

देणगीपत्र तोंडी ठेवू नका. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एकट्या मोठ्या मुलाने दिलेले दप्तर धाकटी मुलगी पाच वर्षांनी परत मागू शकते. कागदाची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात स्पष्ट लिहा: नगरसेवकाने लिहिलेल्या पत्रांचे हक्क कुटुंब देऊ शकते, इतरांनी त्याला लिहिलेल्या पत्रांचे नाही, ते लिहिणाऱ्यांकडेच राहतात. स्कॅन करून लोकांपुढे ठेवण्याची परवानगी, दुबार प्रतींचे काय करायचे, ईमेल आणि सामाजिक माध्यमांवरची खाती, हेही त्यातच. आणि दोन वाक्ये कधीही मान्य करू नका: ‘कायमचे बंद ठेवावे’ आणि ‘कुटुंबाच्या परवानगीने पाहू द्यावे’. पहिल्याने ते कागद तुमच्याकडे फक्त जागा अडवतात. दुसऱ्याने चाळीस वर्षांनी कोणत्या नातवाला शोधायचे हा प्रश्न तुमच्या जागी बसलेल्याच्या गळ्यात पडतो. बंदी हवी तर तारीख घाला. अमुक वर्षाच्या १ जानेवारीला हे खोके उघडेल, एवढे पुरते. घरच्यांना एखाद्या फायलीची धास्ती असेल तर ती जाळू देण्यापेक्षा वीस-तीस वर्षे सीलबंद ठेवण्याची तयारी दाखवा. बहुतेक लोक ऐकतात.

कागद ताब्यात आले की ते एकदम मुख्य भांडारात नेऊ नका. आधी वेगळ्या खोलीत, प्रत्येक खोके उघडून नाकाने आणि डोळ्यांनी तपासा. कुबट वास आणि बोटाला ओलसर, चिकट लागणारे डाग म्हणजे बुरशी जिवंत आहे. कोरडी, पूड होऊन झडणारी बुरशी निद्रिस्त आहे, पण ओल मिळाली की परत उठते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळे, म्हणून खोलीत आर्द्रतामापक हवाच. बुरशीचे कागद पिशवीत बंद करून कोंडू नका, वेगळे ठेवून वाळवा, नंतर हेपा फिल्टरच्या (बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्यूमने साफ करा, तोंडावर एन ९५ मास्क लावून. कसर किंवा वाळवीची शंका असेल तर गठ्ठे पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांना एक आठवडा गोठवा आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरते. काचेच्या निगेटिव्ह, फोटो आणि टेप यात घालू नयेत. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. त्यांनी कीड पुरती मरत नाही, माणसाला त्रास होतो आणि काही प्लॅस्टिक मऊ पडते.

धातू काढा: गंजलेल्या टाचण्या, स्टेपल, क्लिपा. स्टेपल उपसू नका, मागचे पाय सरळ करून अलगद ओढा. रबर बँड सगळे काढा. जुने वितळून अक्षरांना चिकटलेले असतील तर खरवडू नका, तसेच राहू द्या आणि जाणकाराला दाखवा. मात्र एका टाचणीखाली जे कागद होते ते एकत्रच राहतील याची काळजी घ्या: एक दुमडलेला कोरा आम्लरहित कागद, त्यात तो जुडगा. सेलोटेप लावून फाटलेले जोडू नका. तिचा गोंद कागदात उतरून पिवळा, तेलकट डाग पडतो, तो पुढे निघत नाही. लॅमिनेशनबद्दल तर काय सांगावे! मानपत्र ‘कायमचे टिकावे’ म्हणून लॅमिनेट करतात, आणि त्यानंतर ते कागद म्हणून संपते. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक सुटत नाही, आतले आम्ल बाहेर पडत नाही.

काही कागद इतरांपेक्षा लवकर मरतात, त्यांना आधी हात घाला. पहिला नंबर फॅक्सच्या गुळगुळीत गुंडाळी-कागदाचा. तो उष्णतेवर छापलेला असतो, त्यावर शाई नसतेच. प्रकाश, उष्णता आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटातली रसायने यांनी तो कोरा पडतो. ज्या काळात नगरसेवकांच्या घरी फॅक्स होता त्या काळातल्या अर्ध्या गोष्टी अशा कागदावर असतात. सापडला की त्याच दिवशी चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि दोन्ही ठेवा. दुसरा नंबर वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा. त्या कागदात लाकडातले लिग्निन असते, ते पिवळे पडून ठिसूळ होते आणि शेजारच्या पत्रावरही तपकिरी सावली पाडते. कात्रण टिकाऊ कागदावर उतरवा, म्हणजे आयएसओ ९७०६ या मानकाचा, ज्यात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा असतो. मूळ कात्रणावर त्याच्या हातची खूण, तारीख किंवा शेरा असेल तरच मूळ ठेवा, वेगळ्या पाकिटात. तिसरे, पीव्हीसीच्या चकचकीत फायली. त्यांतल्या झेरॉक्सची काळी पूड प्लॅस्टिकला चिकटून पानावरून उचलली जाते. पाकिटे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. सायक्लोस्टाइल केलेली जुनी पत्रके आणि पातळ कागदावरच्या कार्बन प्रती सावकाश हाताळा, एवढेच.

फाइल-पुठ्ठ्यात दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त कागद भरू नका. खोके ना कोंबलेले, ना सैल. सैल खोक्यात कागद वाकून कमरेत मोडतात. क्रमांक फक्त मऊ पेन्सिलीने. फोटोच्या मागे बॉलपेन कधीच नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, आणि भिंतीला टेकून नाही.

आता ज्या फायली सगळ्यांना टाकाव्याशा वाटतात त्यांच्याकडे वळतो: लोकांचे अर्ज. नळाला पाणी नाही, दिवा बंद, मुलाला प्रवेश, रुग्णालयासाठी चिठ्ठी, शेजाऱ्याची भिंत. एका कार्यकाळात यांची डझनावारी खोकी होतात आणि प्रत्येक अर्ज सुटा पाहिला तर क्षुल्लक. पण प्रभाग म्हणजे नेमके काय होते हे यांच्याशिवाय कुठेही कळत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या वस्तीतून काय आले, अर्जाच्या कोपऱ्यात त्याने काय शेरा मारला, कोणाला चिठ्ठी दिली आणि कोणाला ‘भेटून घ्या’ म्हणून परत पाठवले, ही त्याच्या कारकिर्दीची खरी रोजनिशी. सगळे ठेवायला जागा नसेल तर नमुना काढा, पण नियमाने: दर दहावी फाइल आणि शिवाय एका पूर्ण वर्षाच्या सगळ्या. ‘रंजक’ अर्ज वेचू नका. मग पुढच्या अभ्यासकाला वाटेल की शहरात नुसती भांडणेच चालली होती. आडनावाच्या अक्षरावरूनही काढू नका, काही आडनावे ठरावीक वस्त्यांत एकवटलेली असतात आणि नमुना एकीकडे झुकतो. कोणता नियम वापरला, किती होते, किती ठेवले, हे सूचीत लिहा.

हेच अर्ज सगळ्यात नाजूकही. त्यांत आजाराचे तपशील, घरगुती मारहाण, बँकेच्या पुस्तकाच्या आणि ओळखपत्रांच्या प्रती असतात, आणि ते लिहिणारी माणसे हयात असतात. त्या फायली बंद करा, पण यादीसकट: कोणती फाइल, का बंद, कोणत्या वर्षी उघडेल. तुमच्या ठिकाणच्या कायद्यात मुदत दिली असेल तर तीच घ्या. नसेल तर ब्रिटनमधल्या प्रघातासारखा ठोकताळा चालतो: माणसाचे आयुष्य १०० वर्षे धरायचे, जन्मसाल माहीत नसेल तर अंदाजे वयावरून मोजायचे. सगळे खोके एका शिक्क्याने बंद करणे हा आळस आहे. एका फायलीत तीन नाजूक पाने असतील तर तेवढीच पाकिटात घालून बाजूला ठेवा, बाकी उघडे राहू द्या.

वेगाबद्दलही स्पष्ट बोलू. २००५ मध्ये दोन अमेरिकी अभिलेखपालांनी मांडले की विसाव्या शतकातले मोठे संग्रह एका घनफुटाला सरासरी ४ तास या वेगाने लावता येतात, एकेका पानाची टाचणी काढत बसू नये. म्हणजे घनफुटाची तीस खोकी १२० तासांत, तीन आठवड्यांचे काम. समित्यांचे छापील अहवाल, कार्यपत्रिका, कात्रणे यांना हा वेग आम्हाला पूर्ण मान्य आहे. लोकांच्या अर्जांना आणि पक्षाच्या पत्रव्यवहाराला नाही. तिथे पान न पाहता फाइल उघडी केली तर पुढे माफीनामा लिहावा लागतो.

रचना करताना मूळ क्रम असेल तर तोच. मोडलेलाच आला असेल तर साधे गट पुरतात: सभागृह, समित्या, प्रभाग, निवडणुका, पक्ष, खासगी, दृक्‌श्राव्य. निवडणुकांत हरलेल्या निवडणुकाही येतात, आणि घरचे लोक नेमक्या त्याच काढून टाकतात. हार्वे मिल्क सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर १९७८ मध्ये जेमतेम अकरा महिने होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची हत्या झाली. त्याआधी १९७३, १९७५ आणि १९७६ अशा तीन निवडणुका तो हरला होता. त्याचे कागद आज सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. जिंकलेले अकरा महिने तेवढे ठेवायचे म्हटले तर कारकीर्द उरतच नाही. खुणा केलेल्या मतदारयाद्या, बूथवार आकडे खरडलेली पाकिटे, छपाईची बिले, न वाटलेली पत्रके, सगळे राहू द्या. पत्रकावर तारीख नसते, म्हणून ते ज्या गठ्ठ्यात सापडले त्याचा क्रमांक हीच त्याची तारीख.

सूचीसाठी आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचे मानक घ्या. त्याच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत २६ घटक आहेत, पण सहा आवश्यक: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालखंड, आकारमान आणि वर्णनाची पातळी (पूर्ण संग्रह, गट की फाइल). एवढे सहा प्रत्येक फायलीला मिळाले तरी संग्रह वापरण्याजोगा होतो. शीर्षकातून विशेषणे काढा: ‘लोकनेत्याचा जाज्वल्य लढा’ नको, ‘प्रभागातील पाणीपुरवठा: अर्ज, पत्रव्यवहार, अंदाजपत्रके’ हवे. आणि शहराच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास घात करतात. प्रभागांची पुनर्रचना होते, आणि १९ क्रमांकाचा प्रभाग दहा वर्षांनी भलतीकडेच असतो. म्हणून क्रमांकासोबत वर्ष लिहा आणि त्या वर्षाच्या प्रभागनकाशाची प्रत संग्रहात ठेवा. रस्त्यांची नावे बदलतात. जुने आणि नवे दोन्ही लिहा, जुने कधी खोडू नका. माणसांची नावे चार तऱ्हांनी येतात, आद्याक्षरांनी, टोपणनावाने, नुसते ‘अण्णा’, नुसते ‘साहेब’. प्रत्येकाची एक अधिकृत नोंद करून बाकीची रूपे तिला जोडा.

एक तक्ता मात्र आवर्जून करा, तो केलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो: डावीकडे संग्रहातला फाइल क्रमांक, उजवीकडे सभागृहाच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख. कच्च्या मसुद्यात खोडलेली ओळ आणि इतिवृत्तात छापलेला ठराव शेजारी ठेवून वाचता आले की अभ्यासकाचे अर्धे काम होते.

कॅसेट मिळतील, सभांच्या आणि वॉर्डातल्या बैठकांच्या. वाजवून बघायच्या आधी मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे टॅब तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. ध्वनी असंकुचित वेव्ह फाइलमध्ये घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या खाली नाही, शक्य असेल तर ९६. जुन्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर ॲसिटेटचा थर कुजतो आहे, तो डबा लगेच वेगळा आणि थंडाव्यात ठेवा, कारण ते आम्ल शेजारच्या रिळांनाही लागते.

संगणकावरच्या मराठी फायलींत वेगळाच घोटाळा आहे. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेले पत्र आजच्या संगणकावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि कोणीतरी ‘फाइल खराब आहे’ म्हणून ती पुसतो. ती खराब नसते. त्या फाँटनी देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, त्याच फाँटमध्ये उघडून पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेले पीडीएफचे रूप) करा, आणि तिसरी प्रत युनिकोडमध्ये बदला. बदललेली प्रत वाचून तपासा: रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी इथे हमखास घोळ होतो. फ्लॉपी किंवा पेन ड्राइव्ह थेट लावून उघडू नका, तारखा बदलतात. लेखनबंदी करणारे उपकरण मध्ये घालून आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्याची हुबेहूब प्रत, काढा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून यादीत ठेवा, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

कागदांचे स्कॅनिंग शेवटी. आम्हाला माहीत आहे की निधी त्यालाच मिळतो. पण क्रमांक न दिलेल्या कागदांचे स्कॅन म्हणजे गोणी संगणकात ओतणे. शिवाय हिशेब करा: ए-४ पान, ३०० पीपीआय (इंचाला ३०० बिंदू), रंगीत, असंकुचित टिफ, म्हणजे पानाला सुमारे २६ एमबी. १०,००० पानांना २६० जीबी, आणि तीन प्रती धरल्या तर ७८० जीबी. चौदा मीटरचा संग्रह असेल तर मीटरला ६ हजार पाने धरली तरी एक प्रत दोन टीबीच्या वर जाते. आधी सूची, मग ज्याची मागणी येते आणि जे झिजते आहे त्याचे स्कॅनिंग.

उद्घाटन हवेच असेल तर प्रदर्शनात प्रती लावा. मूळ कागद ठेवायचाच तर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, आणि तीन महिन्यांनी पाने बदला.

एवढे ‘थांबा’ सांगितल्यावर जे थांबू शकत नाही तेही सांगायला हवे. फॅक्सचे वर सांगितले. नगरसेवकाच्या फोनचे सिमकार्ड बंद पडू देऊ नका, असे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगा. १२० दिवस वापर झाला नाही तर व्हॉट्सॲप साधारणपणे खाते काढून टाकते, आणि प्रभागाच्या ग्रुपांतली सारी देवाणघेवाण तिथेच असते. घरच्यांच्या संमतीने गप्पा निर्यात करा, चित्रांसकट, आणि फोनवर तारखेची मांडणी दिवस-महिना होती की महिना-दिवस ते लिहून ठेवा. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते त्यातल्या पत्रांसह काढले जाऊ शकते. त्याचे संकेतस्थळ असेल तर वार्षिक शुल्क संपण्याआधी ते वार्क (संकेतस्थळे जपण्याच्या फाइलच्या) रूपात उतरवून घ्या.

आणि त्याचा स्वीय सहायक. बहुतेक फायलींवरचे अक्षर नगरसेवकाचे नसतेच, याचे असते. पिवळ्या फायली कशाच्या, तांबड्या शाईची फुली म्हणजे काय, ‘मोठे साहेब’ कोण, कोणती सही खरी आणि कोणती ‘साहेबांच्या वतीने’, सभेच्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे तोच सांगू शकतो. फोटोंची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवा, नावे झेरॉक्सवर लिहून घ्या, दोन तासांचे बोलणे रेकॉर्ड करा आणि त्याच्या हस्ताक्षराचा एक नमुना नाव घालून पहिल्या खोक्यात ठेवा. घरच्यांकडून त्याचा नंबर घ्या आणि खोकी उघडण्याआधी, याच आठवड्यात, त्याला बोलावून घ्या.

आपले,
दप्तरे लावण्याचे काम करणारे काही अभिलेखपाल